मागच्या सीटवर बाबा

मोहोपाडा, रसायनी
२८ नोव्हेंबर २०२३

प्रिय जागृती,

सप्रेम जयभीम.

काल मी रागाने फोन ठेवला. फोनवर तू मधेच बोलतेस, मग मीही बोलते, आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. यात तुला मधे बोलता येणार नाही.

रत्नदीपच्या लग्नातून मी न जेवता निघाले म्हणून मामी नाराज झाली. तिने आईला विचारलं, आईने तुला आणि तू मला. माझं डोकं दुखत होतं, एवढंच कारण.

खालापूरच्या त्या हॉलच्या दारातल्या मांडवात मी उभी होते तेव्हा तू आलीस. बाबांची स्प्लेंडर, तू पुढे आणि बाबा मागच्या सीटवर. इस्त्रीचा सदरा, पायात बूट. मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, रामभाऊंना पोरगा नाय म्हणून काय अडलं?" बाबा हसले. मी त्यांना एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. असो.

मला बोलायचंय ते गाडीबद्दल. तू वळलीस तेव्हा चेन आतून कव्हरवर आपटत होती. मला मांडवातून ऐकू आलं, तुला गाडीवर बसून कसं येत नाही? हेल्मेट डोक्यावर घालायचं असतं, आरशाला अडकवायचं नसतं. आणि आई सांगत होती की पेट्रोल वाचावं म्हणून तू उतारावर गाडी न्यूट्रल करतेस. अशाने एक दिवस ब्रेक दगा देईल.

दुसरं म्हणजे कपिलला आता रात्रपाळी लागली आहे आणि त्या वेळेला बस मिळत नाही. बाबांची गाडी काही दिवस आमच्याकडे पाठवावी असं मला वाटतं. तुला सरकारी पगार आहे, तू स्कूटी घेऊ शकतेस. बाबांना मी विचारणार नाही. तूच विचार.

ऋतिका मजेत आहे. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी ताई

*

भिवपुरी
५ डिसेंबर २०२३

प्रिय ताई,

जयभीम. हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट बघून पोस्टमनने आईला विचारलं, कोर्टाचं आहे का म्हणून. मी म्हटलं, तसंच समजा.

डोकं दुखत होतं तर गोळी माझ्या पर्समध्ये होती. मागितली असतीस तर दिली असती.

मी भावजींना फोन केला. म्हटलं, रात्रपाळी झेपते का? ते म्हणाले, "कसली रात्रपाळी? मी जनरल शिफ्टला आहे, कंपनीची बस नाक्यावर येते." मी म्हटलं, ताईने तसं लिहिलंय.

माझ्या उपकेंद्राखाली डोंगराकडच्या वाड्या येतात. तिथे एसटी जात नाही. लसींचा डबा मागे बांधून मला त्या दगडधोंड्यांतून जावं लागतं. स्कूटीची चाकं तिथे टिकायची नाहीत. गाडी बाबांनी मला दिली आहे. कागदावर नाव त्यांचं असेल, पण मला नोकरी लागली तेव्हा चावी सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. तू होतीस तेव्हा तिथे. तेव्हाही तुझं डोकं दुखत होतं.

जुनी गाडी आहे, आवाज करणारच. एवढी काळजी तुला कशासाठी? तुला गाडी हवी कशाला? तू कधी चालवलीस? मागे बसतानासुद्धा दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसतेस.

उद्या सहा डिसेंबर. बाबा पहाटेच दादरला निघतील. त्यांना तुझ्या पत्राचं सांगितलेलं नाही.

जागृती

*

मोहोपाडा
१७ डिसेंबर २०२३

प्रिय जागृती,

रात्रपाळीचं मी खोटं लिहिलं. कपिलने घरी येऊन विचारलं, "मला न सांगता माझी शिफ्ट बदललीस?" आणि हसला. मला हसू आलं नाही. डोकंही दुखत नव्हतं.

तू विचारलंस गाडी हवी कशाला, तर सांगते. बाबांनी ती घेतली तेव्हा तू रांगत होतीस आणि आपण पॉवर हाऊसच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रविवारी सकाळी बाबा गाडी मधल्या स्टँडवर लावायचे आणि हाक मारायचे, "भागी, ये गं." बादली माझी, चिंध्या माझ्या, पान्यांची पिशवी माझी. ते प्लग काढून द्यायचे आणि मी तो पॉलिश पेपरने घासायचे. टोक विटकरी निघालं की इंजिन खूश, काळं निघालं की पेट्रोल जास्त पितंय, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. चेनकव्हरचं रबरी बूच काढून आत बोट घालायचं आणि चेन किती वरखाली होते ते बघायचं, हेही काम माझं, कारण माझं बोट बारीक. मग बाबा किक मारायचे आणि विचारायचे, "काय म्हनते गं?" मी म्हणायचे, टॅपेट वाजतंय. की ते पाना उचलायचे. माझं ऐकून. शाळेत नाही की घरात नाही, माझं एवढं कोणीच ऐकत नव्हतं.

दहावीच्या सुट्टीत मी म्हटलं, मला चालवायला शिकवा. ते म्हणाले, बघू. किती तरी वेळा बघू म्हणाले. एका दुपारी ते झोपले असताना मी चावी घेतली, किक मारली, पहिला गिअर टाकला आणि क्वार्टरच्या गल्लीतून पाण्याच्या टाकीपर्यंत गेले. पडले नाही. गाडी बंदही पडली नाही. वळवून परत आले तर बाबा बनियनवर दारात उभे. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "लोक बघतात, भागी."

पुढच्या रविवारी मी चिंध्या घेऊन बाहेर गेले, तर म्हणाले, "राहू दे. तू आत जा, आईला मदत कर." नंतर कधी हाक मारलीच नाही. चालवणं तर नाहीच मिळालं, पुसणंही गेलं.

मग माझं लग्न झालं. ऋतिकाच्या वेळी बाळंतपणाला आले तेव्हा तुम्ही गावात घर बांधलं होतं. एका सकाळी तिला पाजत खिडकीत बसले होते. समोरच्या कापलेल्या भातखाचरात तू गाडीवर, आणि बाबा सीट धरून तुझ्यामागे पळतायत. "हळू सोड क्लच, हळू गं!" अख्खी आळी बघत होती, जागृती. बाबांना कोणाचंच काही वाटत नव्हतं. मी ऋतिकाला खाली ठेवलं, ती रडायला लागली, तिला रडू दिलं. तू पडावीस असं मला वाटलं. हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही.

कधी चालवलीस म्हणतेस. चालवलीय. टाकीपर्यंत आणि परत.

चेन बदल. हे रागाने लिहीत नाही.

ताई

*

भिवपुरी
२ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझं वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा राग आला. तोही ऐक, मधे बोलू नकोस.

बाबा माझ्यामागे पळाले ते खरं. दोन सकाळी पळाले, गाडी आली म्हणाले, आणि संपलं. त्यानंतर ते माझ्याशी गाडीबद्दल काय बोलतात ते तुला माहीत नाही. मी सकाळी किक मारते. ते चहाचा कप घेऊन ओट्यावर असतात. जरा वेळ ऐकतात आणि म्हणतात, "भागी असती तं सांगितलं असतं काय वाजतंय ते." मी म्हणते, तुम्हीच सांगा ना. "माझा कान गेला आता. भागीचा कान व्हता."

दर वेळी, ताई. या गाडीवरून मी अडलेली बाई मागे बसवून कर्जतला आणलीय, मागून तिची सासू तिला धरून बसलेली. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "तिघी? शॉकॉब्सर बसतील." कौतुक नाही. कान तुझा, गाडी त्यांची, आणि मी नुसती चालवणारी.

म्हणून मी गाडी घरी उघडतच नाही. कर्जतला झाकीरभाईंच्या गॅरेजला टाकते आणि तयार झाली की घेऊन येते. मला रविवारी बाबांनी कधी हाक मारली नाही. सुरुवातीला मी वाट बघायचे. आता तुला कळलं ना, तू काय खाऊन बसली आहेस ते?

तुझं वाचून बाबांना सगळं विचारणार होते, धीर झाला नाही. एवढंच म्हटलं, ताईकडे जाऊया का? लगेच म्हणाले, "चल." तर येत्या रविवारी येतो, गाडीवरूनच. चेन तूच बघ आणि काय ते बाबांना सांग. खूश होतील.

जागृती

*

मोहोपाडा
१६ जानेवारी २०२४

जागृती,

दवाखान्यात तुझ्याशी धड बोलले नाही. कपिल म्हणाला, ही वागायची रीत नाही. नसेल.

त्या रविवारी मी बाबांना आवडते तशी सुकट केली होती, तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. ऋतिका सारखी गेटपर्यंत जाऊन येत होती. मग तुझा फोन आला, चौक गावाच्या अलीकडे उतारावर पडलो म्हणून. आम्ही रिक्षा करून आलो. बाबांचं उजवं मनगट मोडलेलं, गाल सोलवटलेला. मी पलंगाजवळ गेले तर पहिला शब्द काय? "जागृतीला लागलं नाय ना?" तू समोरच उभी होतीस, गुडघ्याला पट्टी बांधून. धावत आले मी, आणि चौकशी तुझी, तीही मलाच. तेव्हाही मला जळलं. अशा वेळी असं वाटावं, मी कसली मुलगी. पण वाटलं.

परत जाताना रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने गाडी ठेवून घेतली होती ती बघितली. चेन तुटून मागच्या चाकात गुंडाळली होती. म्हणूनच चाक जाम झालं. मी ती ओढून काढली, घरी आणली, डिझेलने धुतली. दोन्ही टोकं धरून आडवी केली तर धनुष्यासारखी वाकली. चांगली चेन अशी वाकत नाही. एका महिन्यात ती अशी होत नाही, त्याला खूप दिवस लागतात. तू पाहिलंच नाहीस, की पाहून सोडलंस?

तू पडावीस असं मी लिहिलं होतं ते तेव्हाचं होतं. आताचं नव्हतं. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते. बाकी राग आहे तो आहेच.

भाग्यश्री

*

भिवपुरी
२५ जानेवारी २०२४

ताई,

पाहून सोडलं.

झाकीरभाई दिवाळीच्या आधीच म्हणाले होते, "चेनसेट बदल बेटा, आता जास्त नाय चालायचा." मी म्हटलं पुढच्या महिन्यात. मग तुझं पत्र आलं. तासाभराचं काम होतं. पण बदलली असती तर बाबांना सांगावं लागलं असतं, आणि ते म्हणाले असते, बघ, भागीने मांडवातून ओळखलं. तू बरोबर ठरू नयेस म्हणून मी ती बदलली नाही. त्यात बाबांचा हात गेला. 

एक काम मात्र केलं. बाबांना विचारलं. म्हटलं, ताईला का नाही शिकवलंत? त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "तवा आमी क्वार्टरमदी. एकाच्या घरात शिंकलं तर दुसऱ्याला ऐकू जायचं. एक जण मला बोलला, रामभाऊ, पोरीला आवर, हातची जाईल. मी भ्यालो. तुझ्या टायमाला ती लोकं नव्हती, माझी भीती पन गेली व्हती."

मी म्हटलं, मग रविवारी हाक का नाही मारलीत तिला?

"गाडीजवळ आली की तिला परत चालवावीशी वाटली असती. मला नाय म्हनवलं नसतं."

आता म्हणतात, गाडी भागीला दे. झाकीरभाईंकडे दुरुस्तीला आहे. तयार झाली की भावजींना पाठव, घेऊन जातील. बाबांनी दुचाकीवर बसायचं सोडलं. परवा विहारात चालत गेले, हात गळ्यात बांधून.

जागृती

*

मोहोपाडा
१० मार्च २०२४

प्रिय जागृती,

उत्तराला उशीर झाला, कारण हातात काही तरी असल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

बाबांचं उत्तर वाचून मला बरं वाटेल असं तुला वाटलं असेल. नाही वाटलं. म्हणजे मी फक्त आधी जन्मले, एवढाच फरक. त्यांची भीती संपेपर्यंत माझं लग्न झालं होतं. तुझ्यावर आता एवढा राग नाही, पण हेवा आहे तिथेच आहे. शिवताना सुई टोचते तसा मधेच टोचतो.

गाडी मला नको. तुझ्या हातून काढून घेतलेली गाडी मी कुठल्या तोंडाने चालवू? आणि वाड्यांमधल्या बायांनी काय करायचं? ती तूच चालव. महिन्यातून एकदा बूच काढून चेन बघ, बोटभर हलली पाहिजे, जास्त नाही. हेल्मेट घाल. उतारावर गिअरमध्ये राहा.

मी शिकतेय. माझ्याकडे ड्रेस शिवून घ्यायला सानिया येते, आपटा गावची, कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि मोठी मोटरसायकल चालवते. तिला विचारलं, शिकवशील का? रविवारी एमआयडीसीचा रस्ता रिकामा असतो. ती म्हणाली, "दीदी, क्लच हळू सोडा." मी म्हटलं, माहीत आहे गं मला. आणि गाडी बंद पाडली. परत किक, परत बंद. इंजिन काय म्हणतंय ते सगळं ऐकू येत होतं, पण हात ऐकत नव्हते. वॉचमन बघत होता, चहावाला बघत होता. मला बाबांची आठवण आली आणि मी मुद्दाम त्यांच्याकडे बघून हात केला. त्यानंतर जमलं. परवा पाताळगंगेच्या पुलापर्यंत गेले.

कपिलला भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "आधी लायसन काढ." शिकाऊ निघालंय, पक्कं या महिन्यात मिळेल. शिलाईचे आणि त्याच्या बोनसचे मिळून एक जुनी शाईन गाडी बघून ठेवली आहे. मी स्वतः चालू करून, कान देऊन निवडली.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

ताई

*

भिवपुरी
१६ एप्रिल २०२४

प्रिय ताई,

तू गेल्यापासून घरात तुझंच चालू आहे. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझी थोरली एकटी आली गाडीवर, रसायनीवरनं." मी रोज त्या वाड्यांमध्ये जाते ते आईच्या लक्षातसुद्धा नाही.

पण मला आईचं नाही लिहायचं. चौदा तारखेच्या सकाळी बाबा बाबासाहेबांच्या फोटोला घालायचा हार घेऊन अंगणात उभे होते. मी म्हटलं, बसा, विहारापर्यंत सोडते. महिनाभर हेच म्हणतेय. चेन नवी आहे, दोन्ही चक्रं नवी आहेत, ब्रेक नवे आहेत, बसा. "नाय, चालत जातो." तेवढ्यात तू आलीस. गाडी बंद केली नाहीस, पाय टेकवलास आणि म्हणालीस, "बसा." त्यांनी तुझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मला वाटलं आता रडतील. आणि बसले. एका शब्दावर.

ते माझ्यामागे बसायचे तेव्हा सीटच्या मागची कडी धरायचे. इतक्या वर्षांत मला कधी हात लावला नाही. तुझ्यामागे बसले तेव्हा डाव्या हातात हार होता, आणि उजवा हात तुझ्या खांद्यावर ठेवला. अख्खी वाट काढला नाही. मी तुमच्या मागून माझ्या गाडीवर येत होते, रिकामी सीट घेऊन. झेंडे लागले होते, पोरं नाचत होती. मी फक्त तो हात बघत होते.

त्यांना मी पाडलं, मला माहीत आहे. तरी मला वाटलं तुझी गाडी बंद पडावी. विहाराच्या आधी, चढावर, सगळ्यांसमोर. तू लिहिलं होतंस ना तुला माझ्याबद्दल काय वाटलं ते? आता फिट्टंफाट.

जागृती

*

मोहोपाडा
२८ एप्रिल २०२४

प्रिय जागृती,

तुझं पत्र आलं त्याला बरेच दिवस झाले. मी ते उशीखाली ठेवलं आणि मनाला येईल तेव्हा काढून वाचलं. तू जळलीस हे वाचायला किती गोड वाटलं ते काय सांगू. कपिल म्हणाला, "उत्तर दे की तिला." मी म्हटलं, देते, घाई काय आहे? मला तुला थोडं जळू द्यायचं होतं. तसं दिलं.

पण आता लिहायलाच हवं, कारण गोष्ट बाबांच्या हाताची आहे.

गाडीवर बसताना ते माझ्या कानाशी म्हणाले, "भागी, ह्या हाताची मूठ मिटत नाय. कडी धरता येत नाय. खांद्यावर ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. दुसऱ्या हातात हार होता, म्हणून. प्रेमाने ठेवलेला हात नव्हता तो. उतरल्यावर मला म्हणाले, "जागृतीला नको बोलू. ती स्वतःला खात बसंल." ते भात चमच्याने खातात ते तुला दिसलं असेल. सवय लागली असं तुला सांगतात. सवय नाही. बोटं वळत नाहीत.

त्यांनी सांगू नको म्हटलं तरी सांगते. प्लास्टर निघाल्यावर करायचे व्यायाम असतात ना? तू नर्स आहेस, तुला जास्त कळतं. खालापूरला किंवा कर्जतला जो कोणी चांगला डॉक्टर असेल त्याच्याकडे या आठवड्यात ने. ओरडतील, तरी ने. आणि रडत बसू नकोस, त्यांना तेच नको होतं. मला तर सांगितलं, तुला सांगितलं नाही, म्हणजे अजूनही जपायचं ते तुलाच. आता हे वाचून तू खूश होशील आणि मी परत जळेन. होऊ दे.

मूठ सुधारली की ते माझ्यामागे बसतानाही कडीच धरतील. धरू देत, त्यांचा हात बरा होऊ दे. पण त्या दिवशी घरापासून विहारापर्यंत तो हात माझ्या खांद्यावर होता, जड, गरम, आणि अख्खं गाव बघत होतं. कारण काहीही असो. तेवढं मी तुला देणार नाही.

तुझी ताई